आपांच्या टेबलावर जेवलेला माणूस

फोन सकाळी आला. तोवर मांस लिंबू-लसणात रात्रभर मुरून तयार होतं, बीन्स मंद आचेवर चढले होते, आणि केकवाली बाई केक देऊन, दाराशी उभ्याउभ्या अभिनंदनही करून गेली होती. त्यामुळे संध्याकाळची जेवणावळ रद्द करायची का, हे बेनाविदेसांच्या घरात कुणी विचारलंच नाही. रोहेलिओनं मेस्कीटची लाकडं पेटवली, आणि तेच उत्तर समजून सगळे कामाला लागले.

ओफेलिया टॉर्टियांची टोपली घेऊन दुपारी आली तेव्हा अंगणात मांडामांड लग्नघराची होती आणि आवाज मयतघराचा.

तिनं आधी खुर्च्या पाहिल्या. शाळेच्या मैदानावर नाचोज विकायच्या खिडकीत तिची इतकी वर्षं गेली होती, की माणसं काय बोलतात याच्या आधी कोण कुणापासून किती लांब बसलंय हे तिला दिसायचं. त्या खिडकीतून तिनं लग्नं जुळताना पाहिली होती, मोडताना पाहिली होती, आणि एका मुख्याध्यापकाचं प्रकरण त्याच्या बायकोच्या आधी ओळखलं होतं. आज ओळखायला फार काही नव्हतं. आपा, म्हणजे तिचे वडील डॉन एलिसेओ, झाडाखाली आपल्या लोखंडी खुर्चीत एकटे. थोरला भाऊ रोहेलिओ, शाळेच्या संघाचा कोच, आगीजवळ, सगळ्यांकडे पाठ करून. धाकटा नोए कुंपणापासून पायरीपर्यंत येरझाऱ्या घालत होता, कारण बसला असता तर कुणाच्या तरी शेजारी बसावं लागलं असतं. नोएची बायको मारिसेला कांदे चिरत होती. कांदे कधीच पुरेसे झाले होते, तरी चिरत होती. आणि ज्याच्यासाठी हा सगळा थाट, तो त्यांचा एकुलता एक अदान पिकअपच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसला होता. डावा हात मांडीवर असा ठेवला होता, जसा कुणीतरी थोडा वेळ सांभाळायला दिलाय.

उद्या शाळेत नोव्हेंबरातला सहीचा दिवस होता, कॉलेजच्या संघांनी निवडलेल्या पोरांनी करारावर सही करायचा. टेबलावर कॉलेजची टोपी, दोन बाजूंना आईबाप, मागे आजोबा, आणि समोर फोटोवाला. सांता ओलायाच्या शाळेतून एवढ्या मोठ्या विद्यापीठाच्या बेसबॉल संघात कुणी जाऊन टिकलं नव्हतं. रोहेलिओ एकदा गेला होता, पण तो ऑगस्टमध्ये बँड लावून गेला आणि नाताळाला गुपचूप परत आला. ती गोष्ट या घरात फक्त नोएच काढतो, तीही भांडणात.

"तो विद्यापीठाचा कोच नेमकं म्हणाला काय?" ओफेलियानं टोपली ठेवत विचारलं.

"किती जणांना किती वेळा सांगू?" नोए थांबला. "म्हणाला, अदान आम्हाला फार आवडतो. आवडतो! मग म्हणाला, त्या साथीच्या वर्षामुळे जुन्या पोरांना आणखी एकेक वर्ष खेळायला मिळालंय. दुसऱ्या कॉलेजांतून दोन डावखुरे पिचर आलेत, अदानसारखेच चेंडू टाकणारे. दाढीमिशावाले गडी, तेविशीचे. नव्या पोराला जागा नाही. यायचंच असेल तर आपल्या खर्चानं या, संघाबाहेरून सराव करा, पुढचं पुढे बघू."

"पुढचं पुढे म्हणजे?"

"म्हणजे बादलीत चेंडू गोळा करा आणि टाळ्या वाजवा."

"फोनवर माणूस तुसडा वाटतो," आपा झाडाखालून म्हणाले. "समोर तसा नाहीये तो. त्या खुर्चीवर बसला होता. तीनदा वाढून घेतलं त्यानं."

"चारदा," मारिसेला म्हणाली. सुरी थांबली नाही.

ओफेलियाला तो दिवस चांगला आठवत होता. वसंतातली गोष्ट. कोच हॅडली सहा फुटांचा, लालबुंद मानेचा, ओठांवर चरबी चकाकेपर्यंत जेवला, मग उठून त्यानं आपांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "अदान आमचा." आपांनी हात लगेच सोडला नाही. ते उभा जन्म ग्रेपफ्रूटच्या बागांचे मुकादम. त्यांच्या धंद्यात फळ झाडावर असतानाच विकलं जायचं, आणि विकलं जायचं ते असंच, हात मिळवून. कागद नंतर यायचा. कधी यायचाही नाही. मोठ्या थंडीच्या साली बागा करपल्या, उरल्यासुरल्या मालाचे भाव गगनाला भिडले, तेव्हाही एलिसेओ बेनाविदेसांनी ठरल्या भावातच गाड्या भरून दिल्या. अख्ख्या खोऱ्याला ते आठवतं. खोरं विसरू नये म्हणून आपा अधूनमधून आठवणही करून देत.

तर त्यांच्या लेखी त्या दिवशी नातू विकला गेला. त्यानंतर ज्या कुठल्या कॉलेजचा फोन आला त्याला आपांकडून एकच उत्तर. "शब्द दिलाय." मारिसेला एकदा म्हणाली होती, दोनतीन दारं उघडी ठेवू, डॉन एलिसेओ, सगळेच ठेवतात. त्यावर आपांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं तिनं दुधात पाणी घालून विकायला सांगितलंय. "एकाच बागेचा माल तिघांना विकू?" हॅडलीच्या धंद्यात हात मिळवणं म्हणजे फक्त झाडाकडे बघून मान डोलावणं, सही होईपर्यंत दोन्हीकडचे मोकळे, हे शाळेतल्या पोरांनासुद्धा ठाऊक होतं. पण आपांना ते सांगायचं म्हणजे त्यांच्या जन्माची सगळी विक्री पुन्हा मोजायला सांगण्यासारखं होतं. कुणी सांगितलं नाही.

"उद्या जायचं," आपा म्हणाले. "टेबलाशी बसायचं, टोपी घालायची. त्यानं शब्द मोडला, ती त्याची लाज. आपला शब्द आपण पाळायचा."

"आणि सही कशावर करायची?" मारिसेला म्हणाली. "हात पुसायच्या कागदावर?"

"मारिसेला," नोए म्हणाला.

"विचारते फक्त. व्हॉलीबॉलच्या दोन मुली खऱ्या कागदावर करणार आहेत. आमच्या पोरानं शेजारी बसून काय गिरवायचं, ते ठरवून ठेवलेलं बरं."

"जाईल तो. संघाबाहेरून जाईल आणि आत शिरेल," आपा म्हणाले. "हात आहे त्याच्याकडे."

"रोहेलिओकडे नव्हता?" नोए म्हणाला.

झालं. ओफेलियानं मनात म्हटलं, आज एवढ्या लवकर.

रोहेलिओनं वळून पाहिलं नाही. चिमट्यानं मांसाचा तुकडा उचलला, खालची बाजू बघितली, परत ठेवला. पाठीवर शर्ट ओला झाला होता. तो गेला तेव्हा शाळेत त्याच्या चेंडूला कुणाची बॅट लागत नसे. वर गेल्यावर कळलं, तिथं प्रत्येक पोर आपापल्या गावचा रोहेलिओ बेनाविदेस आहे. हे त्यानं एकदाच, बऱ्याच बिअरनंतर, ओफेलियाला सांगितलं होतं. नोएला नाही. नोएला कुणी बोलावलंच नव्हतं. तो शाळा सुटताच आपांबरोबर बागेत गेला. ज्याला एकदा बोलावलं आणि ज्याला कधीच नाही, त्या दोघांत जास्त कोण पोळलंय, याचा निकाल दोघा भावांत अजून लागायचा होता.

"तू कोच आहेस ना?" नोए आता आगीपाशी आला. "मग मला सांग. कोच कोचाशी बोलतो. तुझ्या कानावर काहीच आलं नव्हतं?"

चरबी निखाऱ्यात पडून चर्र झालं.

"आलं होतं," रोहेलिओ म्हणाला.

मारिसेलाची सुरी थांबली.

"ऑक्टोबरात हॅडलीचा फोन आला होता. म्हणाला, मोठे पिचर बघतोय. घरच्यांना सांगा, दुसरीकडेही बघत राहा."

"आणि तू?"

"नाही सांगितलं."

"का?"

"वाटलं, टळेल."

"वाटलं टळेल!" नोएचा आवाज चिरकला. "माझं पोर! ऑक्टोबरात चार जणांना फोन करता आले असते. चार! पण तसं झालं असतं तर पेपरात 'कोच बेनाविदेसचा शिष्य मोठ्या विद्यापीठात' असं कसं छापून आलं असतं? तुझं उरलेलं वर्ष माझ्या पोराच्या हातानं पुरं करून घ्यायचं होतं तुला!"

रोहेलिओनं चिमट्यानं पुढचा तुकडा उलटला. नोएनं त्याच्या हातातला चिमटा हिसकावून घेतला, आणि घेतल्यावर त्याचं काय करायचं हे न सुचून तसाच उभा राहिला. मारिसेला उठून नवऱ्याशेजारी गेली. सकाळपासून दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हती, आता एका बाजूला झाली. अदान फळीवरून उतरला, पण कुणाकडे जावं हे न कळून पिकअपला टेकून राहिला.

"पुरे," आपा म्हणाले. "झालं ते झालं. मांस करपेल. चिमटा दे त्याचा त्याला."

एवढंच. आणि इथं ओफेलियाच्या मनात काहीतरी अडलं.

आपा असे नव्हते. सालसात मीठ जास्त झालं तर ते ताट सरकवत. जावयानं फोन उचलला नाही म्हणून त्यांनी एकदा ईस्टरभर तोंड फिरवलं होतं, आणि तो जावई मेल्यावर त्याच्या विधवेला, म्हणजे ओफेलियालाच, त्याबद्दल ऐकवलंही होतं. घरापासून एवढी मोठी गोष्ट चोरून ठेवणाऱ्या मुलाला त्यांनी आज खुर्चीतून उठून बाहेर काढायला हवं होतं. आणि ते मांसाची काळजी करत होते. राग जिथं हमखास यायचा तिथं आला नाही, म्हणजे तो आधीच कुठंतरी खर्च झालेला.

नोए मारिसेलाबरोबर आत गेल्यावर ओफेलिया टॉर्टिया शेकायच्या निमित्तानं आगीपाशी गेली.

"आपांना सांगितलं होतंस," ती हळू म्हणाली.

रोहेलिओनं कांदे उलटले.

"रोहेलिओ."

"त्याच दिवशी. गाडीतून उतरून सरळ त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, माझ्या टेबलावर जेवलेला माणूस असं करत नसतो. म्हणाले, पोराच्या कानावर गेलं तर त्याचा चेंडू बिघडेल, घरात बोलू नकोस."

"आणि आता नोएला वाटतंय की तू..."

"मला सवय आहे."

"त्यांनी आत्ता तरी बोलायला हवं होतं."

"एकोणऐंशीचे आहेत गं ते." त्यानं चिमट्यानं एक तुकडा तिच्या टॉर्टियावर ठेवला. "खा. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाहीस."

तिनं खाल्लं. चांगलं झालं होतं, याचाच तिला राग आला.

पुढची हालचाल मारिसेलानं केली, आणि ती बाहेर आली तीच हातात फोन घेऊन. ती दवाखान्यात कामाला होती. रडणाऱ्या लोकांकडून नाव-पत्ता-जन्मतारीख काढून घ्यायची तिची हातोटी होती, आणि आत जाऊन स्वतः थोडं रडून तिनं तेच काम स्वतःवर उरकलं असावं.

"कोच एस्कामियांना फोन करायचा," ती म्हणाली.

एस्कामिया नदीकाठच्या दोन वर्षांच्या कॉलेजचा कोच. पाऊण तासावरचं कॉलेज, तिथून पोरं पुढं मोठ्या ठिकाणी जातात, पण नाव ऐकून कुणी भुवया उंचावत नाही. एस्कामिया अख्खा हंगाम अदानला बघायला येत होता. कुंपणाशी उभा राहायचा, ओफेलियाच्या खिडकीतून लोणच्यातली काकडी घ्यायचा, सुटे पैसे बरणीत टाकायचा. आणि एप्रिलात, हॅडली जेवून गेल्यानंतरच्या सामन्यात, आपांनी आपल्या खुर्चीतून, भर गर्दीत त्याला हाक मारली होती. "कोच, पेट्रोल कशाला जाळताय? आमचा माल मोठ्या घरी गेला. तुम्ही बाजारात जरा पडलेलं-झडलेलं बघा." लोक हसले. ओफेलियाही हसली, खिडकीत ओणवून, चांगली खळखळून. एस्कामिया टोपीला हात लावून म्हणाला, "बरं, डॉन एलिसेओ. तरी माझा नंबर असू द्या." आपांनी तो कागद घेतला नाही.

"नंबर कुठाय आपल्याकडे?" नोए म्हणाला.

"माझ्याकडे आहे," मारिसेला म्हणाली. "मी मैदानाबाहेर जाऊन घेतला. त्याच दिवशी."

नोएनं बायकोकडे पाहिलं. संसारात अशा काही जागा असतात तिथं नवऱ्यानं राग येऊ द्यावा की देवाचे आभार मानावेत हे ठरत नाही. तो नुसता खाली बसला. सकाळपासून पहिल्यांदा.

"मी बोलते," ती म्हणाली.

"नाही." आपा उठले. खुर्चीच्या हातावर जोर देऊन, सावकाश. "पाणउतारा मी केला होता. फोन मला दे."

त्यांना फोन कानाला लावायची सवय राहिली नव्हती. मारिसेलानं आवाज मोठा केला आणि तो त्यांच्या तळहातावर ठेवला. सगळे जवळ आले. अदानसुद्धा.

"कोच, एलिसेओ बेनाविदेस बोलतोय."

"डॉन एलिसेओ! कसे आहात? उद्याचा मोठा दिवस."

"मोठा नाही राहिला." आपांनी सांगितलं. थोडक्यात, आवाज न चढवता, हॅडलीला शिवी न देता. शेवटी म्हणाले, "मी तुम्हाला चार लोकांत जे बोललो ते बोलायला नको होतं. आज गरज पडली म्हणून म्हणतोय, हे मलाही कळतंय. ते तसंच धरा."

"ते मी केव्हाच विसरलो," एस्कामिया म्हणाला, आणि न विसरलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाला. "डॉन एलिसेओ, अदानसाठी मी ऑक्टोबर संपेस्तोवर जागा राखली होती. मूर्खपणाच म्हणा. डावखुरा मला एकच हवाय, पैसा तेवढाच आहे. मागच्या आठवड्यात निको किंतानियाला हो म्हणालो."

ऑक्टोबर संपेस्तोवर. ओफेलियानं रोहेलिओकडे पाहिलं नाही. आपांकडे पाहिलं.

"हो म्हणालात," आपा म्हणाले.

"शब्द दिलाय. सही उद्या आहे." मग एस्कामियाचा आवाज बदलला, पोराला विसरून धंद्याच्या जागी आला. "आता खरं सांगू? निको चांगला आहे, पण अदान अदान आहे. माझ्या नोकरीलाही जिंकावं लागतं. सही झालेली नाही, म्हणजे कायद्यानं काहीच झालेलं नाही. तुम्ही म्हणत असाल तर मी आज त्याच्या घरी फोन करतो. सांगतो काहीतरी. तुम्ही बोला."

नोएची मान जोरजोरात हलू लागली. हो म्हणा. मारिसेलानं तोंडावर हात धरला होता, पण डोळे तेच म्हणत होते. ओफेलिया स्वतः काय म्हणत होती? तिनंही मनात हो म्हटलं. निको किंतानियाला तिनं काकडी विकली होती, गुणी पोरगा होता, आणि तिनं हो म्हटलं.

आपांनी एकदा अंगणाकडे पाहिलं. पसरलेल्या टेबलांकडे, निखाऱ्यांकडे, नातवाच्या हाताकडे. आयुष्यभर ज्या गोष्टीवर त्यांनी इतरांना तोललं, ती त्यांच्या तोंडापाशी आली होती. ओफेलियाला वाटलं, ते आता नाही म्हणतील, आणि या घरात पुन्हा कुणी त्यांच्याशी बोलणार नाही.

"हो," आपा म्हणाले. "करा फोन."

"नको," अदान म्हणाला.

तो इतका वेळ बोलला नव्हता, की आवाज कुणाचा हे क्षणभर कळलं नाही.

"मिहो, बाळा, तू थांब," मारिसेला म्हणाली.

"नको, आई." तो पुढे आला. आजोबांच्या हातातला फोन त्यानं घेतला नाही. त्यावर वाकून बोलला. "कोच, अदान. निकोला फोन करू नका."

"बेटा, विचार कर."

"केला. उन्हाळ्यात आम्ही एकाच संघात होतो. त्याचे बाबा त्याचा सामना उभ्यानं बघतात. अख्खा सामना. बसतच नाहीत, बसले तर त्याचा चेंडू बिघडेल म्हणून." तो फोनवर आणखी वाकला. "आज सकाळी आमच्याकडे फोन आला तेव्हा माझ्या बाबांनी उचलला होता. मी तोंड बघितलं त्यांचं. तसं... नको."

"अदान!" नोए ओरडला. "अरे, तुझ्यासाठी कुणी केलं का असं? हॅडलीनं केलं? जग असंच चालतं, गाढवा!"

"मग चालू दे ना. मी नको म्हणालो फक्त."

"बुएलो हो म्हणालेत! तुझे आजोबा! आयुष्यात पहिल्यांदा वाकलेत ते तुझ्यासाठी, आणि तू..."

"ऐकलं मी," अदान म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो आजोबांकडे बघत नव्हता. "म्हणूनच."

फोनमधून एस्कामियानं घसा साफ केला. म्हणाला, शाळा संपल्यावर ये, मैदान आहे, चेंडू टाक. जागा नाही, पैसा नाही. कुणी गळलं तर बघू. "शब्द देत नाही," तो म्हणाला, आणि हे म्हणताना तोही जरा अडखळला. मग फोन बंद झाला, आणि आपा तो तसाच तळहातावर घेऊन उभे राहिले, शेवटी मारिसेलानं काढून घेतला.

नोए पायरीवर बसून दोन्ही हातांनी डोकं धरून होता. मारिसेला पोराजवळ गेली. त्यानं तिला जवळ येऊ दिलं, इतपतच. ओफेलियाला पोराचा अभिमान वाटायला हवा होता, आणि वाटतही होता, पण त्याखाली एक गोष्ट खुपत होती. शाळा संपल्यावर तो जाईल. दोन वर्षं बादल्या उचलेल. हात आहे, तोवर उचलेल. मग एके दिवशी पॅकिंगच्या शेडमध्ये, नाही तर कुठल्याशा ट्रकवर, तो बेनाविदेसांच्या पुरुषांच्या रांगेत उभा राहील. आणि रांगेत एकट्या त्यालाच माहीत असेल की आपण स्वतःहून उभे राहिलो.

ती आपांच्या खुर्चीजवळ गेली. ते बसले नव्हते.

"मी हो म्हणालो," ते म्हणाले.

"हो, आपा."

"सगळ्यांनी ऐकलं."

"सगळे इथंच होते."

"आणि ते कुणी घेतलंसुद्धा नाही." ते हसल्यासारखे झाले. "थंडीच्या सालीसुद्धा नव्हतो हो म्हणालो."

तिला काही तरी मऊ बोलायचं होतं. त्याऐवजी ती म्हणाली, "ऑक्टोबर संपेस्तोवर राखली होती म्हणे जागा."

आपांनी तिच्याकडे पाहिलं. तिला कळलंय हे त्यांना कळलं. मग त्यांनी टोपी काढून केस सारखे केले आणि ती पुन्हा घातली.

रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. पाहुण्यांची वेळ झाली होती. आपा कुणाची वाट न बघता फाटकाकडे निघाले. आपांचा कोंपाद्रे, म्हणजे जिवाभावाचा जुना मित्र, फिदेन्सिओ आणि त्याची बायको उतरली. फिदेन्सिओनं हॅडलीच्या विद्यापीठाच्या रंगाचा शर्ट घातला होता, पोटावर ताणलेला, नवाकोरा. "कुठाय आमचा हिरो?" तो लांबूनच ओरडला.

"कोंपाद्रे," आपा म्हणाले, "पोराला जागा मिळाली नाही. त्यांनी परत घेतली. चूक माझी, मी हातावर विश्वास ठेवला. मांस तयार आहे, आत या."

फिदेन्सिओ शर्टाकडे बघत उभा राहिला. त्याच्या बायकोनं आपांचा दंड धरला. ती दोघं आत आली, आणि मागून दुसरी गाडी, आणि तिसरी. प्रत्येकाला आपा फाटकाशी उभे राहून तेच सांगत होते, कुठला शब्द न गाळता, कुणाला सांगायचं टाळलं नाही, गावच्या पाद्रींनाही नाही, शाळेच्या मुख्याध्यापिकेलाही नाही. चूक माझी. आत या.

ओफेलिया पहिल्या टेबलाशी ताटं मांडत ऐकत होती. ती पुढच्या वाक्याची वाट बघत होती. माझ्या थोरल्यानं मला ऑक्टोबरातच सांगितलं होतं, मीच त्याला गप्प बसवलं: एवढंच वाक्य. फिदेन्सिओला सांगितलं नाही, तिला वाटलं, नोए जवळ आल्यावर सांगतील. नोए बर्फ घेऊन त्यांच्या अगदी बाजूनं गेला. पाद्रींच्या वेळी वाटलं, आता. मुख्याध्यापिकेनं तर विचारलंच, "पण रोहेलिओला काही अंदाज नव्हता का?" आणि आपा म्हणाले, "आत या, बाई, गार होतंय."

आगीपाशी रोहेलिओ पाहुण्यांच्या ताटात मांस वाढत होता. नोए आपलं ताट घेऊन आला, भाऊ दिसताच वळला, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन थंड बीन्स वाढून घेतले. रोहेलिओनं ते पाहिलं. मग तो पुढच्या ताटाकडे वळला आणि विचारलं, "कडक की मऊ?"

ओफेलियाला फक्त नोएच्या टेबलाशी जाऊन बसायचं होतं आणि ते एक वाक्य सांगायचं होतं. मधे आठ-दहा पावलं होती. ती निघालीही. वाटेत फिदेन्सिओच्या बायकोनं टॉर्टिया मागितल्या. ओफेलियानं टोपली उघडली, तिला वाढल्या, शेजारच्याला वाढल्या, आणि मग त्या पलीकडच्यालाही.